तुरीच्या मुळांवरील गाठी आणि ग्रॅम रंजन : प्रकल्पाच्या नोंदी

२२ ऑगस्ट

सेलू तालुक्यातील आमच्या शेतातून आज तुरीच्या मुळांवरील गाठी आणल्या. तूर बीडीएन ७११ या वाणाची, म्हणजे बदनापूरच्या संशोधन केंद्राने दिलेली आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून ती पेरली होती, त्यामुळे आज झाडे सुमारे सात आठवड्यांची आहेत आणि गाठी घेण्यासाठी हे वय योग्य मानतात. काळ्या जमिनीत झाड नुसते ओढले की गाठी तुटून मातीतच राहतात. म्हणून वडिलांनी कुदळीने झाडाभोवती वीतभर जागा सोडून ढेकूळच उचलले, ते बादलीतल्या पाण्यात तासभर भिजत ठेवले आणि माती आपोआप सुटू दिली. मुळे वर काढली तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी मुख्य मुळाजवळ दाटीने लागलेल्या दिसल्या. एक गाठ नखाने चिरून पाहिली, तर आतला गर मांसासारखा तांबूस होता. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो आणि गाठीतले जिवाणू हवेतला नत्र बांधण्याचे काम करीत असल्याची ती खूण आहे. वडिलांनी आजवर शेकडो वेळा तूर उपटली असेल, पण गाठ चिरून त्यांनी आजच पाहिली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.

एम. एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या या प्रकल्पात गाठींमधून रायझोबियम या नत्र बांधणाऱ्या गटातील जिवाणू वेगळे करायचे आहेत, आणि वाढलेला जिवाणू खरोखरच गाठीतला आहे की बाहेरून शिरलेला, हे आधी ग्रॅम रंजनाने तपासायचे आहे. या रंजनात काही जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह; काही तो सोडून देऊन गुलाबी दिसतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. रायझोबियम गटातील सर्व जिवाणू ग्रॅम निगेटिव्ह असतात. स्लाइडवर जांभळी पेशी दिसली, तर ती वसाहत, म्हणजे प्लेटवर वाढलेला जिवाणूंचा पुंजका, शुद्ध नाही, इतका निर्णय या एका चाचणीने ताबडतोब होतो. मात्र गुलाबी पेशी दिसली म्हणजे काम झाले, असे समजू नये, एवढे मॅडमनी पहिल्याच बैठकीत बजावले आहे.

२३ ऑगस्ट

गाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवल्या, नंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात तीन मिनिटे ठेवल्या आणि निर्जंतुक पाण्याने सहा वेळा धुतल्या. प्रत्येक गाठ थेंबभर पाण्यात काचेच्या कांडीने चिरडून तिचा दुधट रस काँगो रेड हा रंग घातलेल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर, रेखला. नऊ गाठी, नऊ प्लेटी. ‘तूर-१’ ते ‘तूर-९’ अशी चिठ्ठी लावून २८ अंश सेल्सिअसला ठेवल्या. तुरीच्या गाठीतले बहुतेक जिवाणू सावकाश वाढणारे असल्याने वसाहती दिसायला पाच ते सात दिवस लागतील.

२४ ऑगस्ट

आज रंग तयार केले. रंजनात स्लाइडवर आधी जांभळे क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग रंग धुणारे अल्कोहोल आणि शेवटी गुलाबी सॅफ्रानिन द्यायचे असते. क्रिस्टल व्हायोलेट २ ग्रॅम घेऊन २० मिलिलिटर ९५ टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवले आणि ०.८ ग्रॅम अमोनियम ऑक्झलेट ८० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून दोन्ही एकत्र केले. ही हकर यांनी सुचवलेली कृती आहे. ऑक्झलेटमुळे रंगाचा साका लवकर बसत नाही. द्रावण चोवीस तास ठेवून मगच गाळायचे आहे. सॅफ्रानिन अल्कोहोलमध्ये विरघळवून दहापट पाण्याने पातळ केले. आयोडीनची बाटली कपाटात अर्धी भरलेली होती, म्हणून ते नव्याने केले नाही. प्रयोगशाळेतील नळाला बोअरचे क्षारयुक्त पाणी येते आणि स्लाइड वाळली की त्या पाण्याचे पांढरे डाग भिंगाखाली खड्यांसारखे दिसतात. त्यामुळे शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्यानेच करण्याचे ठरवले आहे.

२६ ऑगस्ट

गाठींतील जिवाणू वाढेपर्यंत हात बसावा म्हणून विभागातील दोन ओळखीच्या जिवाणूंवर रंजन केले. एक स्टॅफिलोकोकस, म्हणजे गोल पेशींचा आणि ग्रॅम पॉझिटिव्ह, दुसरा ई. कोलाय, म्हणजे दंडाकृती आणि ग्रॅम निगेटिव्ह. दोन्ही एकाच थेंबात मिसळून स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पातळ थर, केला. आकार वेगळे असल्यामुळे कोणती पेशी कोणाची हे रंग न पाहताही कळते आणि रंजन बरोबर झाले की चुकले याचा साक्षीदार त्याच स्लाइडवर हजर राहतो.

पहिली स्लाइड संपूर्ण गुलाबी आली. द्राक्षांच्या घडासारखे गोल स्टॅफिलोकोकसही गुलाबी, जणू ई. कोलायचेच भाऊ. वाटले, अल्कोहोल जास्त वेळ दिले असेल. दुसऱ्या स्लाइडला दहाच सेकंद दिले, तिसऱ्या स्लाइडला पाच. तरी गोल पेशी गुलाबीच राहिल्या. तेव्हा प्रयोगशाळेतील मामांनी आयोडीनची बाटली उजेडात धरून दाखवली. गडद तपकिरी दिसायला हवे ते द्रावण फिकट पिवळे पडले होते. बाटली पांढऱ्या काचेची होती आणि खिडकीजवळच्या कपाटात किती दिवस उभी होती, कोणास ठाऊक. मामांनी प्रयोगशाळेत माझ्यासारख्या कित्येक तुकड्या पाहिल्या आहेत. ते म्हणाले, “ताई, हे आयोडीन कधीच मेलं आहे.”

लगेच १ ग्रॅम आयोडीन आणि २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड खलात थोड्या पाण्याबरोबर घोटून ३०० मिलिलिटर केले आणि तपकिरी बाटलीत भरले. पोटॅशियम आयोडाइडशिवाय आयोडीन पाण्यात पुरेसे विरघळत नाही, म्हणून ते आधी घालावे लागते. नव्या आयोडीनने चौथी स्लाइड केली. स्टॅफिलोकोकसचे घड गर्द जांभळे आणि मधून मधून ई. कोलायचे गुलाबी दंड, असे चित्र प्रथमच दिसले. यापुढे रंगांच्या प्रत्येक बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहायची आहे.

२७ ऑगस्ट

मेलेल्या आयोडीनमुळे पॉझिटिव्ह पेशीही रंग का सोडते, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे बरोबर वाटले नाही. त्यामुळे आजचा दिवस पेशीभित्तिकेच्या वाचनाला दिला.

दोन्ही प्रकारच्या जिवाणूंची भित्तिका पेप्टिडोग्लायकन या एकाच द्रव्याने विणलेली असते. एन-ॲसिटिल ग्लुकोसअमीन आणि एन-ॲसिटिल म्युरॅमिक आम्ल या दोन शर्करा एकाआड एक गुंफून लांब दोरे तयार होतात आणि अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या या दोऱ्यांना आडवे टाके घालून एकमेकांशी बांधतात. फरक जाडीचा आणि बाहेरच्या आवरणाचा आहे. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूत हे विणकाम २० ते ८० नॅनोमीटर जाडीचे असते, त्यात अनेक थर असतात आणि टायकोइक आम्लाचे धागे त्यातून गेलेले असतात. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूत हाच थर अवघा २ ते ७ नॅनोमीटर असतो, पण त्याच्या बाहेर स्निग्ध पदार्थांचे आणखी एक पटल असते, ज्याच्या बाह्य पृष्ठभागावर लिपोपॉलिसॅकराइड असते. माझ्या डोळ्यांसमोर आजीची वाकळ येते. जुन्या लुगड्यांचे आठ-दहा थर एकावर एक ठेवून उभे-आडवे टाके घातलेली वाकळ म्हणजे पॉझिटिव्ह भित्तिका. निगेटिव्ह भित्तिका म्हणजे एकेरी लुगडे, ज्यावर मेणकापड पांघरलेले आहे.

आता रंगांचा क्रम. क्रिस्टल व्हायोलेटचे धनभारित कण दोन्ही पेशींत शिरतात. पहिल्या मिनिटानंतर स्लाइड पाहिली तर दोन्ही जांभळ्याच असतात. आयोडीन आत जाऊन या कणांशी संयोग करते आणि पेशीच्या आत मोठे, पाण्यात न विरघळणारे संयुग तयार होते. म्हणजे आयोडीन स्वतः रंग देत नाही. ते रंगाला दारातून परत जाता येऊ नये इतके मोठे करते. त्यानंतर अल्कोहोल येते. निगेटिव्ह पेशीचे बाहेरचे स्निग्ध पटल त्यात विरघळते, आतला पातळ थर संयुगाला थोपवू शकत नाही आणि जांभळा रंग वाहून जातो. पॉझिटिव्ह पेशीच्या जाड भित्तिकेतले पाणी मात्र अल्कोहोल खेचून घेते. विणकाम आवळले जाते, छिद्रे बारीक होतात आणि मोठे संयुग आत अडकून पडते. शेवटी सॅफ्रानिन दोघांनाही लागते, पण जांभळ्यावर गुलाबी दिसत नाही. ते फक्त रिकाम्या झालेल्या पेशीवर उमटते. आयोडीन निकामी असेल तर मोठे संयुगच होत नाही, सुट्टे कण जाड भित्तिकेतूनही निसटतात, आणि काल जे घडले ते घडते.

हे सारे अनुमान राहिले असते, पण १९८३ मध्ये बेव्हरिज आणि डेव्हिस यांनी आयोडीनच्या जागी प्लॅटिनमचे संयुग वापरले. प्लॅटिनम जड असल्यामुळे ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, आणि रंग कोठे थांबतो व कोठून बाहेर पडतो हे त्यांना प्रत्यक्ष पाहता आले. ई. कोलायचे बाहेरचे पटल अल्कोहोलने फाटलेले त्यात दिसले. रंजनाची पद्धत १८८४ मधली. ती नेमकी कशी चालते हे डोळ्यांनी दिसायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम हे डेन्मार्कचे वैद्य बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्यासोबत काम करीत असताना न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या कापांत जिवाणू शोधत होते. त्यांना जिवाणूंचे दोन गट पाडायचे नव्हते. ऊतीच्या पेशींतून जिवाणू उठून दिसावेत एवढाच त्यांचा हेतू होता, आणि काही जिवाणू रंग सोडून देतात ही गोष्ट त्यांना पद्धतीतील उणीव वाटली. तीच उणीव पुढे वर्गीकरणाचा पाया झाली. सॅफ्रानिनची जोड नंतर कार्ल वायगर्ट यांनी दिली.

२९ ऑगस्ट

आज फक्त अल्कोहोलचा वेळ तपासला. मिश्र स्मिअरच्या सहा स्लाइड घेतल्या, बाकीचे सर्व टप्पे सारखे ठेवले, म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, सॅफ्रानिन पाऊण मिनिट, आणि अल्कोहोल अनुक्रमे ५, १०, १५, २०, ३० व ६० सेकंद दिले.

पाच सेकंदांच्या स्लाइडवर ई. कोलायचे दंड सर्रास जांभळे होते. दहा सेकंदांना ते बहुतेक गुलाबी झाले, पण स्मिअर जिथे दाट होता तिथे जांभळे ठिपके शिल्लक होते. पंधरा आणि वीस सेकंदांच्या स्लाइडवर दोन्ही रंग स्वच्छ निघाले. तीस सेकंदांना स्टॅफिलोकोकसच्या घडातील कडेच्या पेशी फिकट पडू लागल्या आणि साठ सेकंदांना निम्मे घड गुलाबी दिसले. जाड भित्तिका रंग धरून ठेवते याचा अर्थ कायमची धरते असा नाही. ती उशिरा सोडते, इतकेच. म्हणजे ही चाचणी दोन वेगांतील अंतरावर उभी आहे, आणि ते अंतर माझ्या हातून दहा-पंधरा सेकंदांचे आहे.

स्मिअर दाट असेल तर हे अंतरही हातचे जाते. आज दाट स्मिअरमध्ये एकाच स्लाइडवर मधोमध जांभळे आणि कडेला गुलाबी असे ई. कोलाय पाहिले. आता थेंब इतका पसरवते की वाळल्यावर स्लाइड खाली ठेवलेल्या वहीतली अक्षरे वाचता यावीत. स्थिरीकरणासाठी, म्हणजे पेशी काचेला चिकटाव्यात म्हणून, स्लाइड ज्योतीवरून तीनदा नेते आणि लगेच हाताच्या पाठीला लावून पाहते. चटका बसला तर उष्णता जास्त झाली, पेशीभित्तिका बिघडली असेल असे समजून ती स्लाइड बाजूला टाकते.

३० ऑगस्ट

सातव्या दिवशी प्लेटी काढल्या. या दिवसांत मी त्या उघडल्या नाहीत आणि रोज निरखूनही पाहिल्या नाहीत. बहुतेक प्लेटींवर बारीक, गोल, पांढरट, साबुदाण्यासारख्या अर्धपारदर्शक वसाहती आहेत, ज्यांनी काँगो रेडचा तांबडा रंग शोषलेला नाही. रायझोबियमच्या वसाहती अशाच असतात. तूर-४ च्या वसाहती इतरांपेक्षा मोठ्या असून कडेला किंचित गुलाबी झाक आहे.

१ सप्टेंबर

नऊही प्लेटींतील वसाहतींचे रंजन केले. प्रत्येक स्लाइडच्या एका टोकाला स्टॅफिलोकोकसचा आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलायचा ठिपका ठेवून मधोमध परीक्षणाची वसाहत पसरवली. यापुढे साक्षीदाराशिवाय एकही स्लाइड करायची नाही.

रायझोबियमच्या वसाहती चिकट असतात, कारण पेशींभोवती शर्करेचा डिंक असतो. पहिल्या दोन स्लाइडवर या डिंकाने जांभळा रंग धरून ठेवला आणि पेशी ढगात बुडाल्यासारख्या दिसल्या. मग वसाहत निर्जंतुक पाण्यात ढवळून, सेंट्रिफ्यूज करून, वरचे पाणी टाकून दिले आणि खाली बसलेल्या पेशींचा स्मिअर केला. शंभरपट भिंगाखाली तेलाचा थेंब घालून पाहिले, तेव्हा तूर-१, २, ३, ५, ६, ७, ८ आणि ९ मध्ये छोटे गुलाबी दंड स्वच्छ दिसले.

तूर-४ मध्येही गुलाबी दंड होते. पण ते इतरांहून जाड आणि लांब होते, बऱ्याच दंडांच्या मध्ये रंग न लागलेली रिकामी जागा होती, आणि एका क्षेत्रात मोजून चार जांभळे दंड दिसले. टोकांचे दोन्ही साक्षीदार बरोबर असल्यामुळे रंजन चुकले असे म्हणता येईना. मी वहीत ‘ग्रॅम निगेटिव्ह, काही पेशींत रंग अपुरा धुतला गेला’ असे लिहिले आणि वही मॅडमकडे नेली. त्यांनी स्लाइड पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “या वसाहतीचं वय किती आहे?”

२ सप्टेंबर

काल संध्याकाळी पाच वाजता तूर-४ आणि तुलनेसाठी तूर-२ नव्या न्यूट्रियंट अगारवर रेखले होते. आज सकाळी अकरा वाजता तूर-४ ची भरघोस वाढ होती आणि तूर-२ ची प्लेट कोरी. अठरा तासांत एवढे वाढणारे काहीही माझे सावकाश वाढणारे रायझोबियम असणे शक्य नव्हते, हे रंग देण्यापूर्वीच कळले. तरी रंजन केले. अठरा तासांच्या त्या कोवळ्या पेशी एकजात जांभळ्या आल्या. साखळीने जोडलेले, जाड, ठसठशीत जांभळे दंड. कालचा गुलाबी रायझोबियम आज ग्रॅम पॉझिटिव्ह बॅसिलस, म्हणजे बीजाणू करणारा दंडाकृती जिवाणू, ठरला.

बॅसिलससारखे जिवाणू वाढीच्या भरात असताना जाड भित्तिका बाळगतात. अन्न संपत आले, वसाहत म्हातारी झाली, की भित्तिकेची नवी विणाई थांबते, जुन्या विणाईचे विघटन पेशीतल्याच विकरांकडून चालू राहते आणि भित्तिका झिजते. बेव्हरिज यांनीच १९९० मध्ये दाखवले की काही ग्रॅम पॉझिटिव्ह जातींत वाढीच्या ओघात पेप्टिडोग्लायकनचा थर जसजसा पातळ होतो, तसतशा गुलाबी पेशी वाढत जातात. म्हणून ग्रॅम रंजन अठरा ते चोवीस तासांच्या वाढीवर करावे, असे प्रत्येक प्रात्यक्षिक वहीत छापलेले असते. हे वाक्य मी पदवीच्या तीन वर्षांत किती वेळा उतरवून काढले असेल.

पण माझ्या कामात त्याला एक वेगळाच पेच आहे, आणि तो मला आजवर कोठे लिहिलेला आढळला नाही. तुरीचे जिवाणू दिसायलाच सात दिवस लागतात. त्याच प्लेटवर बाहेरून आलेला बॅसिलस दुसऱ्याच दिवशी वाढून बसतो, आणि मी प्लेट उघडेपर्यंत तो इतका जुना होतो की त्याच्या अंगावरचा जांभळा रंग टिकत नाही. जो जिवाणू पकडण्यासाठी मी ग्रॅम रंजन करते आहे, तोच माझ्या वाट पाहण्याच्या दिवसांत गुलाबी वेष घेऊन गाठीतल्या जिवाणूंच्या पंगतीला बसतो. म्हणून प्लेटी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पाहून, लवकर उगवलेल्या प्रत्येक वसाहतीभोवती काचेवर पेनाने वर्तुळ काढून ठेवणे हा या रंजनाचाच भाग आहे. ते मी केले नव्हते.

३ सप्टेंबर

तूर-४ ला पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी दिली. स्लाइडवर ३ टक्के द्रावणाचा थेंब घेऊन त्यात वसाहत लूपने अर्धा-एक मिनिट घोटायची आणि लूप हलकेच वर उचलायचा. निगेटिव्ह जिवाणूची पातळ भित्तिका या अल्कलीत फुटते, आतला डीएनए बाहेर येतो आणि मधासारखी तार निघते; पॉझिटिव्ह पेशी फुटत नाही, थेंब पाण्यासारखाच राहतो. ई. कोलायची तार जवळजवळ सेंटिमीटरभर उचलली गेली. तूर-४ ची तार निघाली नाही. रंगाशी काहीही संबंध नसलेल्या मार्गाने तोच निर्णय मिळाला, म्हणून ही चाचणी मला फार मोलाची वाटते.

तूर-२ ची तारही उत्तम निघाली, पण ती मी लगेच स्वीकारली नाही. वसाहत मुळातच डिंकाळ असल्यामुळे साध्या पाण्याच्या थेंबात घोटून पाहिली, तर तिथेही बारीक तार येत होती. धुतलेल्या पेशींवर चाचणी पुन्हा केली. पाण्यात तार नाही आणि अल्कलीत आहे, असे दिसल्यावरच नोंद केली.

५ सप्टेंबर

तूर-४ च्या पेशींतील रिकाम्या जागा काय होत्या, हा प्रश्न उरला होता. रायझोबियमच्या जुन्या पेशींतही पॉली-बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या साठवणीच्या स्निग्ध कणांमुळे न रंगलेले ठिपके दिसतात, त्यामुळे केवळ रिकामी जागा पाहून काही ठरवता येत नाही. मॅलाकाइट ग्रीन स्मिअरवर घालून पाच मिनिटे वाफ दिली, पाण्याने धुतले आणि सॅफ्रानिन दिले. तूर-४ मध्ये गुलाबी दंडांच्या पोटात हिरवे लंबगोल बीजाणू, जणू शेंगेत एकेक दाणा. तूर-२ मध्ये हिरवे काहीही नाही. बीजाणूचे कवच इतके घट्ट असते की साधा रंग आत जात नाही, वाफेने गेलेला पाण्याने निघत नाही. गाठींच्या धुलाईतून तूर-४ कसा वाचला, याचे उत्तरही बहुधा याच कवचात आहे.

खात्रीसाठी दोन्ही जिवाणू ८० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून पुन्हा रेखले आहेत.

१३ सप्टेंबर

उष्णतेनंतर तूर-४ दुसऱ्या दिवशीच वाढला होता. तूर-२ आठ दिवसांनीही वाढलेला नाही.

१४ सप्टेंबर

ताईच्या घरी मुक्काम झाला. दाजी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहेत आणि बेडके तपासण्याचे काम रोज करतात. माझी वही चाळून ते म्हणाले, “आमच्याकडे तर तुमचे हे दोन्ही रंग चालत नाहीत.” क्षयाच्या जिवाणूच्या भित्तिकेत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो, क्रिस्टल व्हायोलेट त्यातून नीट शिरतच नाही. त्यासाठी झील-नील्सन पद्धतीत कार्बोल फुक्सिन घालून स्लाइडला खालून वाफ येईपर्यंत तापवतात. मेण मऊ होते, रंग आत जातो, आणि थंड झाल्यावर २५ टक्के सल्फ्युरिक आम्लानेही तो बाहेर निघत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर तांबडे बारीक दंड दिसतात. दाजींनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मी लिहून ठेवली आहे: द्रावण उकळू द्यायचे नाही आणि वाळूही द्यायचे नाही, कारण वाळलेला रंग खड्यांच्या रूपाने बसतो आणि थकलेल्या डोळ्यांना तो जिवाणू वाटू शकतो. रुग्णाच्या औषधोपचाराचा निर्णय त्या स्लाइडवर असतो.

मायकोप्लाझ्माला तर भित्तिकाच नसते. ग्रॅम रंजनात रंग धरायला काही नसल्यामुळे तो निगेटिव्ह दिसेल, पण बाहेरचे पटल त्यालाही नाही. गुलाबी रंगाचा खरा अर्थ ‘या पेशीने जांभळा रंग धरून ठेवला नाही’ एवढाच आहे, आणि न धरण्याची कारणे अनेक असतात.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनानंतर प्रयोगशाळा तासभर उघडून घेतली. दुसऱ्यांदा शुद्ध केलेल्या आठ जिवाणूंच्या प्लेटी दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पाहिल्या आहेत. लवकर उगवलेली एकही वसाहत नाही. आठही गुलाबी, साक्षीदार बरोबर.

२० सप्टेंबर

गुलाबी आणि शुद्ध, पण रायझोबियमच कशावरून? ॲग्रोबॅक्टेरियम हा त्याचाच जवळचा नातेवाईक, तोही ग्रॅम निगेटिव्ह दंड, तोही मातीत आणि मुळांजवळ राहणारा. भित्तिकेवर आधारलेली चाचणी या दोघांत भेद करू शकत नाही. आठही जिवाणू ग्लुकोज पेप्टोन अगारवर रेखले, ज्यावर रायझोबियमची वाढ होत नाही किंवा अगदी क्षीण होते. चोवीस तासांत तूर-७ ची दाट वाढ झाली आणि माध्यमाचा रंग बदलला. बाकी सात प्लेटी कोऱ्या आहेत.

शेजारच्या शेतातील काकांनी मागच्या हंगामातले रायझोबियम संवर्धकाचे एक न फोडलेले पाकीट तपासून मागितले आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार पावडर रूपातील रायझोबियम संवर्धकात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात आणि नमुना लाखपट पातळ केल्यावर प्लेटवर इतर जिवाणू उगवता कामा नयेत. पाकिटाची मुदत संपलेली आहे आणि ते पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडून होते, त्यामुळे त्यात काय उगवेल त्यावरून बनवणाऱ्यांबद्दल काहीही म्हणणे न्याय्य होणार नाही. काकांना तसे सांगितले आणि यंदा पाकीट माठाजवळ, गारव्याच्या जागी ठेवून मुदतीच्या आत बियाण्याला चोळावे, अशी विनंती केली.

२१ सप्टेंबर

निर्जंतुक वाळू भरलेल्या नऊ बरण्यांत बीडीएन ७११ चे धुतलेले बियाणे पेरले. सात बरण्यांत सात जिवाणू, आठवीत मुद्दाम तूर-७, नववीत काहीच नाही. पाण्यातून नत्र सोडून बाकी सर्व अन्नद्रव्ये दिली आहेत.

२६ ऑक्टोबर

पाच आठवड्यांनी रोपे काढली. नवव्या बरणीतील रोप पिवळे आणि खुरटे, मुळे स्वच्छ. तूर-७ चेही तसेच. तूर-१, २, ३, ५, ८ आणि ९ यांच्या मुळांवर गाठी आहेत. तूर-६ वर दोनच, चिरल्यावर पांढऱ्या निघालेल्या. तूर-२ चे रोप सर्वांत हिरवे होते. त्याची एक गाठ चिरली, आत तोच तांबूस गर. रस धुऊन स्लाइडच्या मधोमध पसरवला, एका टोकाला स्टॅफिलोकोकस आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलाय ठेवले. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, १ ऑक्टोबरला केलेले आयोडीन एक मिनिट, अल्कोहोल पंधरा सेकंद, सॅफ्रानिन पाऊण मिनिट. वीस क्षेत्रे पाहिली. मधोमध फुगीर, थोडे वाकडे, गुलाबी दंड. जांभळी पेशी एकही नाही. स्लाइडवर ‘तूर-२, गाठीतून परत’ अशी चिठ्ठी लावून ती पेटीत पहिल्या खाचेत ठेवली.